झुंबर, इसराज आणि आमचं गॅदरिंग



एरवी मी इथे एखाद्या पाठाबद्दल, निबंधाबद्दल नाहीतर वर्गात केलेल्या उपक्रमाबद्दल लिहिते. आज एका जुन्या बंगाली सिनेमाबद्दल लिहिणार आहे. सिनेमाचं नाव ‘जलसाघर’. दिग्दर्शक सत्यजित रे, साल १९५८. कृष्णधवल आहे. गाणी आहेत, पण आपण ज्याला सिनेमातली गाणी म्हणतो तसली नाहीत. वेग असा, की आमचे मिस्टर पहिल्या वीस मिनिटांत झोपले. मी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला त्याचं कारण सिनेमात कमी आणि आमच्या शाळेत जास्त होतं. ते पुढे सांगतेच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या कथेवर हा सिनेमा आहे. बंगालमधला एक जमीनदार, विश्वंभर राय. भूमिका छबी विश्वास यांची. सिनेमा सुरू होतो तेव्हा हा माणूस वाड्याच्या गच्चीवर खुर्चीत नुसता बसलेला आहे. नोकराला विचारतो, कुठला महिना चाललाय? महिनासुद्धा दुसऱ्याला विचारावा लागतो, यातच सगळं आलं. तेवढ्यात लांबून सनई ऐकू येते. शेजारच्या महिम गांगुलीकडे मुलाची मुंज आहे. हा गांगुली सावकारी, व्यापार, कंत्राटं यातून वर आलेला. आणि मग रायबाबूंना आपल्या मुलाची मुंज आठवते. तेव्हा त्यांच्या वाड्यात केवढा जलसा झाला होता! जमीन नदीच्या पोटात चाललेली, तिजोरीत खडखडाट, कारभारी हात जोडून सांगतोय की पैसे नाहीत, बायकोचे दागिने गहाण पडतायत, पण जलसा झालाच पाहिजे.

सिनेमात असे तीन जलसे आहेत. पहिल्यात बेगम अख्तर गातात. त्या स्वतः पडद्यावर दिसतात, हेच केवढं भाग्य! दुसरा जलसा बंगाली नववर्षाच्या दिवशी. खरं म्हणजे त्या दिवशी काही ठरलेलंच नसतं. गांगुली आपल्या नव्या घराच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन येतो आणि केवळ त्याला नाही म्हणता यावं म्हणून रायबाबू तिथल्या तिथे सांगून टाकतात, त्या दिवशी आमच्याकडेच जलसा आहे. बायको मुलाला घेऊन माहेरी गेलेली असते. त्यांना परत यायचा निरोप धाडतात. त्या रात्री वादळ होतं. आत सलामत अली खान मियाँ मल्हार गातायत, बाहेर विजा चमकतायत, झुंबर हलतंय, आणि रायबाबूंच्या पेल्यात एक किडा पडून तडफडतोय. मन थाऱ्यावर नाही म्हणून ते बाहेर येतात, तर नाव उलटल्याची बातमी. बायको गेली, मुलगा गेला. पोराचं ओलं कलेवर हातांवर घेऊन बाप उभा आहे. तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहताना पुढे ढकलला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर जलसाघराला कुलूप. काही वर्षांनी गांगुली आपल्याकडच्या नाचगाण्याचं आमंत्रण द्यायला पुन्हा येतो, तेव्हा म्हाताऱ्याचा अभिमान परत जागा होतो. उरलेसुरले पैसे काढून तो त्याच कथक नर्तकीला आपल्याकडे बोलावतो. (नृत्य रोशन कुमारी यांचं. घुंगरांवरून नजर हलत नाही.) नाच संपतो आणि गांगुली बक्षीस द्यायला हात पुढे करतो. तेवढ्यात रायबाबूंची काठी त्याच्या मनगटात अडकते. पहिलं बक्षीस देण्याचा मान यजमानाचा! आणि घरातली शेवटची नाणी नर्तकीसमोर ठेवली जातात. पुढे रात्रभर दारू, पूर्वजांच्या तसबिरी, एकेक करून विझत जाणाऱ्या मेणबत्त्या, आणि पहाटे घोड्यावर बसून बेभान दौड. वाळूत एक नाव पालथी पडलेली असते. घोडा बिथरतो, रायबाबू कोसळतात. संपलं.

आता माझं म्हणणं.

या सिनेमाबद्दल बहुतेक ठिकाणी असं सांगतात की ही एका रसिकाची शोकांतिका आहे. संगीताच्या वेडापायी सर्वस्व गमावलेला माणूस. मीही पहिल्यांदा पाहिला तेव्हा हेच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, वाटलं काय तो जमाना आणि काय ते लोक, पैसा गेला तरी गाण्यावरचं प्रेम गेलं नाही. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र मला ते पटेना. हा माणूस संगीतापायी बुडालाच नाही. तो जलशापायी बुडाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि शिक्षक म्हणून आपण त्या वेगळ्या ओळखायला हव्यात असं मला ठामपणे वाटतं.

सिनेमात एक छोटासा प्रसंग आहे. परीक्षणं वाचताना फार कुणी त्याच्यावर थांबलेलं मला दिसलं नाही. रायबाबू इसराज घेऊन बसलेत आणि त्यांचा मुलगा समोर बसून सरगम म्हणतोय. बाप वाजवतोय, पोरगं गातंय. कुणी पाहुणे नाहीत, सरबत नाही, अत्तर नाही, झुंबर पेटवलेलं नाही. यात खर्च किती? शून्य. इसराज घरातच होता, मुलगा घरातच होता, गळा देवानं दिला होता. हे असं ते आयुष्यभर करू शकले असते. सगळी जमीन गेली असती, हत्ती गेला असता, तरी संध्याकाळी बापलेक असे बसू शकले असते. त्यांना भिकेला लावलं ते या सुरांनी नव्हे. लोकांनी आपल्याकडे येऊन ऐकावं, आपण मध्ये लोडाला टेकून बसावं आणि पहिलं बक्षीस आपल्या हातून जावं, या हौसेनं लावलं. आणि पोराला तातडीनं बोलावून घेतलं तेही त्याच्याबरोबर गायला नव्हे, जलशाला घरचा वारस हजर दिसावा म्हणून. मुलगा गेल्यावर तो बापलेकाचा सूर घरात पुन्हा लागत नाही. जलसा मात्र आणखी एक होतो.

तो काठीचा प्रसंग पुन्हा आठवून बघा. इतका सुंदर नाच नुकताच संपलाय. खऱ्या रसिकाचं लक्ष कुठे असायला हवं? त्या बाईच्या पायांत. रायबाबूंचं लक्ष कुठे आहे? गांगुलीच्या हातात.

आता पालक म्हणतील, बाई, आमच्याकडे ना झुंबर ना जमीनदारी, आम्हाला हे कशाला सांगता? म्हणून आता शाळेचं सांगते. यात दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पटसंख्या साठच्या आतबाहेर. गावापासून थोड्या अंतरावर इंग्रजी माध्यमाची एक शाळा निघाली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं गॅदरिंग आमच्या आदल्या आठवड्यात झालं. मोठं स्टेज, एलईडी पडदा, धूर सोडायचं मशीन. आमच्या चौथीची मुलं कुंपणाला लटकून बघून आली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेवढाच विषय. मला आतून कुठेतरी लागलं. पट आधीच कमी होतोय, पालक तिकडे बघतायत. मी मीटिंगमध्ये म्हटलं, आपणही कमी नाही हे दाखवू. लोकवर्गणी काढली. तालुक्याहून नाच बसवणारा मुलगा बोलावला, साउंड आणला आणि ड्रेस भाड्याने आणायचे ठरवले. कुणी किती द्यायचे याची यादी केली. ती यादी माझ्याच अक्षरात होती.

गॅदरिंग झकास झालं. टाळ्या, शिट्ट्या, सरपंचांकडून पाचशे रुपये बक्षीस. मी तीन दिवस हवेत होते.

चौथ्या दिवसापासून माझ्या वर्गातली एक मुलगी येईना. हुशार पोर, कधी खाडा नाही. आठवडा गेला तेव्हा घरी गेले. दारातच ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. आई कुठंय, तर कांदे काढायला गेलीय. दोन मुलांच्या ड्रेसचे आणि वर्गणीचे पैसे तिने बचत गटातून उचलले होते, ते फेडायला सुट्टीच्या दिवशीही कामावर जात होती. मग धाकट्याला सांभाळायला थोरली घरी. आई संध्याकाळी भेटली तेव्हा तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. उलट म्हणाली, “बाई, पोरगी काय दिसत हुती हो लाल ड्रेसात.”

मला घरी येऊन जेवण गेलं नाही. कारण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. ही पोरगी गाते. पोषण आहाराच्या रांगेत उभी राहून ताटलीवर ठेका धरत आजीकडून शिकलेल्या ओव्या म्हणते, आणि अशी म्हणते की स्वयंपाकवाल्या मावशी पळी हातात धरून थांबतात. आणि गॅदरिंगमध्ये मी तिला काय दिलं होतं? तिसऱ्या रांगेत, टेपवर वाजणाऱ्या कुठल्यातरी गाण्यावर हात हलवायचं काम. आमच्या वर्गातला इसराज मी कोपऱ्यात ठेवला होता आणि झुंबर भाड्याने आणलं होतं.

म्हणून मी सिनेमा पुन्हा पाहिला. शेजारच्याकडून सनई ऐकू आल्यावर रायबाबूंच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी आरशात पाहिलेलं आहे.

आता थोडं त्या गांगुलीबद्दल. इथे मला खुद्द सत्यजित रे यांच्याशीच जरा भांडावंसं वाटतं. (लहान तोंडी मोठा घास आहे, मान्य.) सिनेमात गांगुलीला जवळपास विनोदी पात्र केलंय. तपकीर ओढतो, गाणं चालू असताना चुळबुळ करतो, मोठमोठ्यानं बोलतो. त्याच्या घरी विजेचे दिवे आहेत आणि त्यासाठी डायनॅमो घरघरतो. त्याची लॉरी धुरळा उडवत जाते आणि त्या धुरळ्यात रायबाबूंचा एकुलता उरलेला हत्ती दिसेनासा होतो. दृश्य अप्रतिम आहे, वादच नाही. पण गांगुली स्वतःच सांगतो की मी स्वतःच्या हिमतीवर वर आलोय, माझ्यामागे घराणं नाही. अहो, माझ्या वर्गातली सगळी मुलं उद्या शिकून वर आली तर गांगुलीच होणार आहेत! त्यांच्या मागे कुठलं घराणं? पहिल्या पिढीत पैसा येतो तेव्हा माणूस चुळबुळतोच. मैफलीत कधी मान डोलवायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. माझ्या पहिल्या पगारात मी घरी म्युझिक सिस्टिम आणली होती आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो का, हे भावाला उभं करून तपासलं होतं. गांगुलीला हसताना मला ते आठवलं.

आणि रायबाबूंचा रुबाब तरी आला कुठून? १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. जमीनदाराने कंपनीला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून वसुली करायची. ही पद्धत स्वातंत्र्यानंतर कायद्यानं मोडीत निघाली. पश्चिम बंगालमधला जमीनदाऱ्या सरकारजमा करण्याचा कायदा १९५३ चा, म्हणजे सिनेमाच्या आधी पाचच वर्षं. झुंबरातली प्रत्येक मेणबत्ती कुठल्यातरी कुळाच्या भातातून आलेली होती. सिनेमात ती कुळं जलसाघरात दिसत नाहीत. दिसतो तो अनंत, जुना नोकर. कित्येक वर्षांनी जलसाघर उघडतं तेव्हा झुंबर पुसताना, आरशावरची धूळ काढताना त्या म्हाताऱ्या नोकराला जो आनंद होतो तो बघण्यासारखा आहे. मला तर वाटतं सबंध सिनेमात निखळ आनंद तेवढाच आहे. त्याला ना मान हवाय ना बक्षीस. दिवे लागणार, गाणं होणार, बस्स.

संगीतकार होते उस्ताद विलायत खान. त्यांच्या घराण्याला अशाच राजेरजवाड्यांचा, जमीनदारांचा आश्रय मिळालेला. त्यामुळे त्यांच्या मनात जमीनदाराबद्दल माया होती आणि ती संगीतात उतरली, थोडा उपरोध हवा होता, असं रे यांनी नंतर बोलून दाखवलं होतं. म्हणजे बघा, खुद्द दिग्दर्शकालाही हा माणूस नुसता हळवेपणानं दाखवायचा नव्हता. तरीही आपण हळवे होतोच. सूर तसेच आहेत.

छायाचित्रण झालं ते निमतितामध्ये, मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या पद्मेकाठच्या वाड्यात. रे यांनी बरेच वाडे पाहून हा पसंत केला. आणि गंमत अशी की ज्या जमीनदारावरून ताराशंकरांना कथा सुचली होती, त्याचाच तो वाडा निघाला. नदी वाड्याच्या पायाशी येऊन थांबलेली. जलसाघर मात्र स्टुडिओत उभारलं, कला-दिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी. चौथीच्या मुलांना परिसर अभ्यासात नदीचं कार्य शिकवताना मी आता हे उदाहरण देते: नदी एका काठाची माती खाते आणि दुसऱ्या काठाला नेऊन टाकते. रायबाबूंची जमीन खाल्ली तशी.

आमच्या मोठ्या गुरुजींशी (ते हार्मोनियम छान वाजवतात) या विषयावर माझा वाद झाला. ते म्हणाले, “बाई, तुम्ही जमीनदारांना शिव्या देताय, पण त्यांनी पैसा ओतला नसता तर ही गायकी टिकली असती का? शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात सांभाळलं नसतं तर?” मुद्दा बिनतोड आहे. मी निरुत्तर झाले. खरंच आहे ते. अनेक वर्षांच्या रियाजाला कुणीतरी दोन वेळचं जेवण घालावं लागतं, आणि ते काम आपल्याकडे दरबारांनी केलं. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले आणि खाँसाहेबांना पुढे मुंबईला जावं लागलं. आश्रय एका माणसावर टांगलेला असला की तो माणूस गेला की सगळं गेलं.

दोन दिवस विचार केल्यावर मला उत्तर सुचलं (मला उत्तरं नेहमी दोन दिवसांनीच सुचतात). उत्तर म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे अधू झाले, शिक्षण थांबलं. मिरजेच्या संस्थानिकांच्या आधारानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. म्हणजे सुरुवात दरबाराच्या आश्रयानंच. पण पुढे त्यांनी तो आश्रय सोडला, फिरत फिरत लाहोरला गेले आणि १९०१ मध्ये तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणा एका राजाच्या तिजोरीवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जाहीर कार्यक्रमांच्या पैशांवर. गाणाऱ्याला समाजात मान नव्हता त्या काळात साध्या घरातल्या मुलामुलींना गाणं शिकवायचं म्हणजे थट्टा होती का? आणि भातखंड्यांनी घराण्यांच्या कुलपातल्या चिजा गोळा करून, स्वरलिपीत लिहून त्यांची क्रमिक पुस्तकं केली. पुस्तकं! आपल्या धंद्यातलीच गोष्ट. म्हणजे रायबाबू गच्चीवर बसून झुरत होते त्याच सुमाराला गाणं वाड्यातून निघून वर्गात येऊन बसलं होतं. फळा, खडू, हजेरी, सगळ्यासकट.

मग वर्गात आलेलं ते गाणं आम्ही शिक्षकांनी कुठे ठेवलं? वेळापत्रकात कलेचा तास आहे. तो गणिताच्या सरावाला जातो. माझ्याकडूनही गेलाय, कितीदा तरी. आणि जानेवारीत एक दिवस वर्षभराची कला एकदम आठवते, तेव्हा साउंडवाल्याला फोन.

सिनेमा मुलांना दाखवावा का? पूर्ण नको. पहिली ते चौथीला तर नकोच, शेवट त्यांच्या जिवाला लागेल. मी फक्त दोन तुकडे दाखवले. एक हत्ती आणि लॉरीचा, एक बापलेकाच्या सरगमीचा. भाषा बंगाली, एक शब्द कळत नव्हता, आणि काही अडलं नाही. हत्ती धुळीत गेला तेव्हा एकजण ओरडला, “बाई, त्याच्या डोळ्यात गेलं असंल ओ!” झुंबराचं चित्र दाखवलं तर प्रश्न आला की घरात लाइटच नव्हती तर एवढा मोठा दिवा कशाला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. एक म्हणाला दाखवायला. एक म्हणाला, पाव्हणे येत असतील. एकीनं सांगितलं की त्यांच्याकडे काचेच्या कपांचा सेट आहे, तो फक्त मामा आल्यावर काढतात. या उत्तराला मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

सरगमीच्या तुकड्यानंतर मी काहीच विचारलं नाही. त्यांनीच सा रे ग म सुरू केलं. बेसूर, भसाडं, साठ टक्के मुलं ओरडतच होती. पण ओव्या म्हणणारी माझी ती मुलगी डोळे मिटून बरोबर सुरात होती. आता ती पाचवीत शेजारच्या गावी जाईल. जाण्याआधी तिच्याकडून दोन ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. हे आधी का केलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

माझे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आमच्या घरात नेहमी म्हणतात की आजोबांच्या नादापायी जमीन गेली. लहानपणापासून मी हे ऐकत आले आणि मानत आले. या सुट्टीत आईला बसवून नीट हिशोब विचारला. अडीच एकर आत्याच्या लग्नात गेली, कारण व्याह्यांच्या गावात बँड होता म्हणून आपल्याकडे दोन बँड हवे होते. एक एकर चुलत्याच्या लग्नात. उरलेली आजारपणात. पखवाज? तो त्यांना गुरूकडून मिळालेला होता. सप्ताहाला गेले तर जेवण तिथेच, येताना नारळ. आयुष्यभरात त्या पखवाजानं घरचं काय घेतलं असेल, तर रोज मूठभर कणीक, डाव्या तोंडाला लावायला. आणि नाव बदनाम झालं त्याचं! दोन बँडांना कुणी काही बोलत नाही.

पुढच्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. या वर्षीच्या गॅदरिंगचा विषय निघणार. मी मांडणार आहे की भाड्याचे ड्रेस नकोत, साउंड एकच आणि लहान, आणि जमेल तेवढ्या लोकवर्गणीतून एक जुनी पेटी घेऊ, जी फेब्रुवारीतही शाळेतच राहील. कलेचा तास कलेलाच द्यायचा, हे माझ्यापुरतं मी ठरवलंय. त्याला समितीची परवानगी लागत नाही. ठराव पास होईल असं मला वाटत नाही. मागच्या वर्षीचा नाच पालकांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो मीच बसवून घेतला होता. एका पालकांनी कालच रस्त्यात थांबवून विचारलं, “बाई, औंदा धुराचं मशीन आणायचं ना?” त्यांना काय तोंडाने नाही म्हणू? तुमच्याकडे अशी अडचण आली असेल तर कशी सोडवलीत ते जरूर कळवा. मला खरंच हवंय.

आजोबांचा पखवाज माळ्यावरून खाली काढलाय. उजवीकडची पुडी फाटली आहे. मिरजेला जाणाऱ्या एकाकडे ती बदलायला देते आहे, किती घेतील ते विचारून ठेवलंय. डाव्या तोंडाला लावायची कणीक मुलं घरून आणणार आहेत. कुणी कुठल्या वारी आणायची यावरून चौथीत आत्ताच दोन गट पडलेत.